शिष्यवृत्ती, असिस्टंटशिप आणि कर्ज : तीन निरनिराळी खाती

(अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठी पाल्यांना पाठवू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी)

दरवर्षी फाल्गुन-चैत्राच्या सुमारास आपल्या समाजातील अनेक घरांत अमेरिकेतील विद्यापीठांची प्रवेशपत्रे येऊ लागतात. पेढे वाटले जातात, नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन येतात, आणि बहुधा त्याच आठवड्यात घरातील कर्ता पुरुष बँकेत जाऊन विचारतो, "दुकानाचा गाळा तारण ठेवला तर किती कर्ज मिळेल?" प्रवेश आणि कर्ज या दोन टोकांच्या मध्ये एक महत्त्वाचा टप्पा असतो, तो म्हणजे विद्यापीठ स्वतः काय देऊ शकते याची पद्धतशीर चौकशी. आपल्या घरांत नेमका हाच टप्पा गाळला जातो. ज्या व्यापाऱ्याने दोन रुपयांच्या फरकासाठी चार घाऊक पेढ्यांकडून भाव मागविलेले असतात, तोच व्यापारी चाळीस-पन्नास लाखांच्या या व्यवहारात मागितलेली रक्कम निमूटपणे मान्य करतो.

याला दोन गैरसमज कारणीभूत आहेत. सधन कुटुंबांना वाटते की अर्थसाह्य हे गरजूंसाठी असते. आपण मागितले तर कमीपणा येईल आणि एखाद्या गरीब मुलाचा घास हिरावला जाईल. मध्यम स्थितीतील कुटुंबांना वाटते की ते केवळ असामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्यांसाठी असते; आपल्या मुलाला कोण विचारणार? अमेरिकेतील पदव्युत्तर शिक्षणात ज्याला असिस्टंटशिप म्हणतात, तिच्या बाबतीत हे दोन्ही समज चुकीचे आहेत. तेथे वडिलांचे उत्पन्न सहसा विचारले जात नाही आणि विद्यार्थी सुवर्णपदक विजेता असावा अशीही अट नसते. विद्यापीठाला काही काम करून हवे असते. ते काम करण्यास योग्य असलेल्या विद्यार्थ्याला त्याचा मोबदला दिला जातो.

तीन खाती वेगळी ठेवा

रोजमेळातील नोंद खतावताना जमा कशाची, हे आपण आधी पाहतो. विद्यापीठाकडून येणाऱ्या पैशाचेही तसेच करावे. त्याची मुख्य खाती तीन आहेत.

पहिले खाते शिष्यवृत्तीचे व फेलोशिपचे. ही रक्कम गुणवत्तेवर मिळते आणि तिच्या बदल्यात साधारणतः काम करावे लागत नाही. एम.एस.च्या विद्यार्थ्यांना मिळणारी शिष्यवृत्ती पुष्कळदा शुल्कातील सवलतीच्या रूपाने असते. म्हणजे पैसे हाती येत नाहीत, बिलातून वजा होतात. पीएच.डी.च्या उत्तम फेलोशिपमध्ये मात्र शुल्कमाफी आणि निर्वाहवेतन असे दोन्ही अंतर्भूत असते.

दुसरे खाते असिस्टंटशिपचे. हिचे तीन प्रकार सर्वत्र आढळतात. टीचिंग असिस्टंट हा पदवीपूर्व वर्गांच्या प्रयोगशाळा सांभाळतो, उत्तरपत्रिका तपासतो, विद्यार्थ्यांच्या शंकांचे निरसन करतो. रिसर्च असिस्टंट एखाद्या प्राध्यापकाच्या संशोधनप्रकल्पावर काम करतो. तिसरा प्रकार ग्रॅज्युएट असिस्टंट. तो ग्रंथालय, वसतिगृह विभाग, संगणक विभाग किंवा प्रशासकीय कार्यालयात काम करतो. पूर्ण सत्रात आठवड्याला वीस तास काम असेल तर त्या नेमणुकीला 'हाफ टाइम' म्हणतात. दहा तास असेल तर 'क्वार्टर टाइम'. मोबदला दोन भागांत मिळतो : दरमहा वेतन, आणि संपूर्ण किंवा अंशतः शुल्कमाफी.

तिसरे खाते कर्जाचे. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकेच्या केंद्रशासनाची विद्यार्थी-साह्य योजना, जिच्यासाठी 'फाफ्सा' नावाचा अर्ज भरतात, ती तेथील नागरिक व कायम रहिवासी यांच्यासारख्या पात्र व्यक्तींसाठी आहे. एफ-१ व्हिसावर जाणाऱ्या आपल्या मुलांना तिचा लाभ नाही. म्हणून विद्यापीठाच्या माहितीपत्रकात 'फायनान्शियल एड' या मथळ्याखाली जे छापलेले असते त्यातील मोठा भाग आपल्या उपयोगाचा नसतो. आपल्याला हवी असलेली माहिती बहुतेक वेळा त्या मध्यवर्ती कार्यालयात मिळत नाही. ती मुलाने ज्या विषयासाठी अर्ज केला त्या विभागाकडे असते.

ही पद्धत का निर्माण झाली?

विद्यापीठ परक्या देशातील मुलाचे शुल्क माफ करून वर पगार का देते, हा प्रश्न व्यापाऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर तेथील व्यवस्थेत आहे. १८७६ मध्ये बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सुरू झाले तेव्हा संशोधन करणाऱ्या तरुणांना फेलोशिप देऊन आकर्षित करण्याचे धोरण त्याने आरंभापासूनच ठेवले. त्याआधी, १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेती व यंत्रविद्या शिकविणारी विद्यापीठे उभी राहू लागली होती. या विद्यापीठांतून पुढे हजारो विद्यार्थ्यांचे पदवीवर्ग भरू लागले. इतक्या मोठ्या वर्गांच्या प्रयोगशाळा, गृहपाठ आणि शंकानिरसन एकट्या प्राध्यापकाच्या आवाक्यात राहत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर संशोधनाला केंद्रशासनाकडून मोठे अनुदान मिळू लागले. नॅशनल सायन्स फाउंडेशन १९५० मध्ये स्थापन झाले. अशा अनुदानात विद्यार्थी-साहाय्यकांच्या वेतनाची तरतूद करता येते. वर्गांना शिकविणारे हात हवेत आणि प्रयोगशाळांना काम करणारे हात हवेत, या दोन गरजांतून असिस्टंटशिप रुजली.

आपल्याला ही कल्पना परकी वाटण्याचे काही कारण नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 'कमवा आणि शिका' हे तत्त्व महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचविले. शिक्षणासाठी श्रम करण्यात कमीपणा नाही, उलट श्रमाने मिळविलेले शिक्षण अंगी मुरते, हा त्यांचा विश्वास होता. असिस्टंटशिप हे त्याच तत्त्वाचे दुसऱ्या भूमीतील रूप आहे. आपल्या मुलाने आठवड्यात वीस तास उत्तरपत्रिका तपासल्या किंवा प्रयोगशाळेत उपकरणे मांडली, तर पेढीच्या नावाला बाध येत नाही.

कोणाला मिळते, कोणाला कठीण?

येथे आशा आणि वस्तुस्थिती यांची गल्लत होऊ देऊ नये. विज्ञान, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र अशा विषयांतील पीएच.डी. प्रवेश मोठ्या संशोधन विद्यापीठांत सामान्यतः अर्थसाह्यासहच दिला जातो. समाधानकारक प्रगतीच्या अटीवर चार-पाच वर्षांची हमीही पुष्कळ ठिकाणी असते. एम.एस.चे चित्र वेगळे आहे. प्रबंधासह केलेल्या एम.एस.ला काही विभाग असिस्टंटशिप देतात, काही पहिले सत्र संपल्यावर देतात, आणि अनेक विभाग ती केवळ पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतात. एम.बी.ए., फायनान्स, बिझनेस ॲनालिटिक्स असे व्यावसायिक अभ्यासक्रम तर विद्यापीठासाठी बहुधा उत्पन्नाचे साधन असतात. तेथे शुल्कात थोडी सवलत मिळते, असिस्टंटशिप क्वचितच.

व्यापारी घरांतील मुलांचा ओढा नेमका याच अभ्यासक्रमांकडे असतो. म्हणून वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी एक माहिती मुद्दाम देतो. बिझनेस स्कूलमधील अकाउंटिंग, फायनान्स, मार्केटिंग या विषयांची पीएच.डी. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शुल्कमाफी व निर्वाहवेतनासह असते. जागा फार थोड्या असतात, गणिताची तयारी पक्की लागते आणि चार-पाच वर्षे द्यावी लागतात. परंतु ज्या मुलाला अध्यापनाची व संशोधनाची खरी आवड आहे, त्याने एम.बी.ए.च्या गर्दीत शिरण्यापूर्वी या वाटेचा विचार अवश्य करावा. मात्र केवळ पैसे वाचतात म्हणून पीएच.डी.ला नाव घालणे अनुचित आहे. आवड नसताना पाच वर्षे काढणे शक्य होत नाही, आणि विभागाने त्या विद्यार्थ्यावर केलेला खर्चही वाया जातो.

आणखी दोन बाबी. तीन वर्षांची बी.कॉम. किंवा बी.एस्सी. काही विद्यापीठे स्वीकारतात, काही शालेय शिक्षणासह सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. तसेच टीचिंग असिस्टंटशिपसाठी बोलण्यातील इंग्रजीची स्वतंत्र कसोटी अनेक ठिकाणी असते. टोफेलमधील एकूण गुण उत्तम, पण संभाषणाचे गुण कमी, अशा विद्यार्थ्याला प्रवेश मिळतो आणि वर्ग मिळत नाही. लेखी परीक्षेत पारंगत असलेल्या आपल्या मुलांनी इकडे विशेष लक्ष द्यावे.

पत्राचे वाचन

बँकेत 'तत्त्वतः मंजुरी', 'मंजुरीपत्र' आणि 'प्रत्यक्ष वितरण' या तीन वेगळ्या अवस्था असतात. पहिलीच्या भरवशावर मालाची ऑर्डर देणारा ग्राहक अडचणीत येतो. विद्यापीठाच्या पत्रांतही असेच स्तर असतात. 'आपला असिस्टंटशिपसाठी विचार होऊ शकेल' हे केवळ सौजन्य आहे. 'निधी उपलब्ध असल्यास आपणांस नेमणूक देण्याचा मानस आहे' ही तत्त्वतः मंजुरी. नेमणुकीचा कालावधी, आठवड्याचे तास, वेतनाचा आकडा आणि शुल्कमाफीचे प्रमाण ज्यात स्पष्ट लिहिलेले आहे, तेच खरे मंजुरीपत्र. विद्यार्थ्याने विभागाच्या पदव्युत्तर समन्वयकाला नम्रपणे ईमेल करून पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत.

१. शुल्कमाफी संपूर्ण आहे, अंशतः आहे, की केवळ राज्याबाहेरील विद्यार्थ्यांना द्यावा लागणारा जादा भाग माफ होतो?
२. शिकवणी शुल्काव्यतिरिक्त असलेली अनिवार्य शुल्के माफ होतात काय? बहुधा होत नाहीत, आणि ती थोडीथोडकी नसतात.
३. आरोग्यविम्याचा हप्ता कोण भरतो?
४. वेतन नऊ महिन्यांचे आहे की बारा? उन्हाळ्याच्या सुटीत काय?
५. नेमणूक एका सत्राची आहे की वर्षाची? नूतनीकरणासाठी किती गुण लागतात?
६. रिसर्च असिस्टंटशिप असल्यास प्रकल्पाचे अनुदान कोणत्या वर्षापर्यंत आहे?
७. पहिला पगार कोणत्या तारखेला मिळतो?

सहावा प्रश्न आज विशेष महत्त्वाचा आहे. २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय संशोधन-अनुदानांत अनिश्चितता निर्माण झाल्यावर अनेक विद्यापीठांनी पीएच.डी. प्रवेशांची संख्या कमी केली. ज्या प्राध्यापकाच्या अनुदानावर वेतन अवलंबून आहे, त्या अनुदानाची मुदत विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

आता एक काल्पनिक उदाहरण पाहू. एका विद्यापीठात वर्षाचे शिकवणी शुल्क २६,००० डॉलर, इतर शुल्के २,०००, आरोग्यविमा ३,००० आणि राहण्या-जेवणाचा खर्च १८,००० असे एकूण ४९,००० डॉलर लागतात असे समजा. पहिल्या पत्रात १०,००० डॉलरची 'गुणवत्ता शिष्यवृत्ती' आहे. पत्र सुंदर आहे, फ्रेम करून लावावे असे आहे. पण घरातून ३९,००० डॉलर जाणार आहेत. दुसऱ्या पत्रात शिष्यवृत्तीचा शब्दही नाही. वीस तासांची टीचिंग असिस्टंटशिप, संपूर्ण शिकवणी शुल्क माफ आणि नऊ महिन्यांचे २०,००० डॉलर वेतन आहे. येथे शुल्के, विमा आणि निर्वाह मिळून २३,००० लागतील, त्यांतील २०,००० वेतनातून निघतील. घरातून ३,००० डॉलर आणि थोडा कर. दोन पत्रांतील फरक वर्षाला सुमारे ३६,००० डॉलरचा आहे. नावावर न जाता शेवटची ओळ पाहावी, हे व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नसावी.

कधी लहान रकमेमागे मोठा लाभ दडलेला असतो. टेक्सास राज्याच्या कायद्यानुसार तेथील सार्वजनिक विद्यापीठाने स्पर्धेतून दिलेली किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळालेल्या परराज्यातील किंवा परदेशी विद्यार्थ्याला, ठरावीक अटी व मर्यादांच्या अधीन राहून, स्थानिक रहिवाशांच्या दराने शुल्क आकारता येते. तेथे हजार डॉलरची शिष्यवृत्ती क्षुल्लक समजून सोडून दिली तर त्यासोबतची मोठी सवलतही हातची जाते.

कराचाही विचार करावा. वेतनावर अमेरिकेत आयकर लागतो. अध्यापन वा संशोधन करणाऱ्या साहाय्यकाची शुल्कमाफी सामान्यतः करपात्र उत्पन्नात धरत नाहीत. भारत-अमेरिका करार असल्याने भारतीय विद्यार्थ्याला तेथील रहिवाशांप्रमाणे प्रमाणित वजावट घेता येते. ही सवलत बहुतेक इतर देशांच्या विद्यार्थ्यांना नाही. शिवाय एफ-१ विद्यार्थ्याच्या वेतनातून साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरची कपात होत नाही. चुकून झाल्यास ती परत मागता येते. उत्पन्न नसले तरी फॉर्म ८८४३ भरावाच लागतो.

१५ एप्रिलची मुदत

अमेरिकेतील काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संस्थेचा एक ठराव आहे. त्यावर बहुसंख्य नामांकित विद्यापीठांच्या स्वाक्षऱ्या आहेत. त्यानुसार फेलोशिप, असिस्टंटशिप वगैरे अर्थसाह्याच्या प्रस्तावाला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर घालता येत नाही. अर्थसाह्याविना दिलेल्या नुसत्या प्रवेशाला हा ठराव लागू नाही, हे ध्यानात ठेवावे. या मुदतीचा उपयोग दोन प्रकारे होतो. एक, घाईने होकार न देता प्रस्तावांची तुलना करता येते. दोन, मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत इतर विद्यार्थी आपापले निर्णय कळवितात, त्यामुळे जागा रिकाम्या होतात. त्या वेळी केलेली विनम्र चौकशी कधी कधी फळ देते. ज्या विद्यार्थ्याने एक प्रस्ताव पक्का स्वीकारला, त्याने उरलेल्या विद्यापीठांना त्वरित नकार कळवावा. आपण अडवून ठेवलेली जागा दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाची असते.

दुकान गहाण ठेवण्यापूर्वी

सर्व प्रयत्नांनंतरही कर्ज लागू शकते, आणि योग्य अभ्यासक्रमासाठी विचारपूर्वक घेतलेले कर्ज वाईट नाही. पण त्याचे संपूर्ण स्वरूप घरातील सर्वांना ठाऊक असावे. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांवरील कर्जाला ठोस तारण अपेक्षित आहे. पालक सहकर्जदार असतो. शिक्षणकाळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही; व्याज मात्र त्या काळातही आकारले जाते.

उदाहरणादाखल चाळीस लाखांचे कर्ज घेऊ. वीस लाख पहिल्या वर्षी, वीस लाख दुसऱ्या वर्षी उचलले; दर १० टक्के धरू. शिक्षणाची दोन आणि सवलतीचे एक अशा तीन वर्षांत सरळव्याजाने १० लाख चढतात. हे व्याज मध्ये भरले नाही तर परतफेड पन्नास लाखांपासून सुरू होते. दहा वर्षांची मुदत धरल्यास मासिक हप्ता सुमारे ६६,००० रुपये आणि एकूण परतफेड सुमारे ७९ लाख रुपये होते. मुलाला तेथे नोकरी लागली तर डॉलरमध्ये मिळविणाऱ्याला हा हप्ता जड नाही. नोकरी लागण्यास सहा महिने उशीर झाला, किंवा व्हिसाच्या अडचणीने परत यावे लागले, तर तोच हप्ता दुकानाच्या गल्ल्यातून जातो.

व्यापारी कुटुंबासाठी येथे आणखी एक धोका आहे. त्याच गाळ्यावर किंवा घरावर पेढीची कॅश क्रेडिट मर्यादा आधीच असते. शैक्षणिक कर्ज थकले तर सहकर्जदाराचा पतदर्जा घसरतो, आणि पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी पेढीच्या खेळत्या भांडवलावर प्रश्नचिन्ह लागते. कर्जविभागात काम करताना मी पाहिले आहे की अशा वेळी तणाव बँक आणि ग्राहक यांच्यात कमी, भावाभावांत अधिक असतो. गाळा जर सामाईक असेल, तर एका भावाच्या मुलाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याची स्वाक्षरी केवळ भिडेपोटी घेतली जाऊ नये. परतफेड कोण करणार, मुलाची नोकरी लांबली तर काय, दुसऱ्या भावाच्या मुलीची पाळी आली की तिला हीच सोय मिळणार का, हे आधी बोलून कागदावर उतरवावे. मुलासाठी गाळा तारण ठेवण्यास क्षणाचा विलंब न करणारी घरे मुलीच्या बाबतीत 'एवढे कर्ज कशाला' म्हणतात, ही आपल्यातील वस्तुस्थिती आहे. असिस्टंटशिपचे मंजुरीपत्र हाती असलेल्या मुलीला हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. म्हणून मुलींनी या वाटेची माहिती अधिक कसोशीने मिळवावी असे मला वाटते.

कर्ज घेतल्यास व्याजावर आयकर कायद्याच्या कलम ८०ई प्रमाणे आठ वर्षांपर्यंत वजावट जुन्या करप्रणालीत मिळत आली आहे. १ एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठविलेल्या रकमेवर टी.सी.एस. लागत नाही, स्वतःच्या पैशातून पाठविल्यास वर्षाला १० लाखांवरील रकमेवर तो लागतो आणि विवरणपत्रात समायोजित होतो. रक्कम पाठविण्यापूर्वी चालू वर्षाच्या तरतुदी आपल्या कर-सल्लागाराकडून पडताळून घ्याव्यात.

शासकीय योजनांबाबत एक सूचना. २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जव्याजावर अनुदान देणाऱ्या केंद्राच्या 'पढो परदेश' योजनेची पत्रके आजही समाजाच्या गटांत फिरत असतात. ती योजना २०२२-२३ पासून बंद झालेली आहे. फुलब्राइट-नेहरू फेलोशिप उत्तम आहे. पण तिच्यासोबत येणाऱ्या जे-१ व्हिसामुळे शिक्षणानंतर दोन वर्षे भारतात राहण्याची अट लागू होते. अर्थसाह्यासोबत येणारे बंधन आधी वाचावे, ही रीत जुनी आहे. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा परतल्यावर संस्थानची सेवा करण्याचा करार त्यांनाही करून द्यावा लागला होता.

नियम आणि अणुव्रते

विद्यापीठ 'आय-२०' नावाचे प्रमाणपत्र देण्यापूर्वी पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखविण्यास सांगते. असिस्टंटशिप असेल तर तिची रक्कम त्यातच विद्यापीठाचे साह्य म्हणून नोंदली जाते आणि घरातून दाखवावयाची रक्कम तेवढी कमी होते. ज्यांच्याजवळ तरतूद नाही ते कधी कधी नातेवाइकांकडून आठ दिवसांसाठी रक्कम खात्यात घेऊन शिल्लक दाखवितात, मालमत्तेचे फुगविलेले मूल्यांकन जोडतात. 'सगळेच करतात' असे त्याचे समर्थनही होते. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया मोजली आहे. खोटा दस्तऐवज करणे हा श्रावकासाठी व्रताचा दोष आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही हा दोष महाग पडतो. व्हिसा अधिकाऱ्याने कागद खोटा ठरविला तर त्या तरुणाची अमेरिकेची वाट कायमची बंद होऊ शकते.

दुसरा नियम कामाचा. एफ-१ विद्यार्थ्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येते. वीस तासांची असिस्टंटशिप असेल तर ही मर्यादा तिथेच संपते. वर ग्रंथालयात दोन तास बसता येत नाही. आवाराबाहेर परवानगीविना काम करणे हा व्हिसाच्या अटींचा भंग आहे. आपल्या ओळखीच्यांची तेथे दुकाने व मोटेल आहेत. 'शनिवार-रविवार मामांच्या काउंटरवर बसेल, रोख मिळेल' असा हिशेब इथे बसून करणाऱ्या पालकांनी मुलाच्या संपूर्ण शिक्षणावर काय संकट ओढवू शकते याचा विचार करावा. घरून पुरेशी तरतूद न करता पाठविलेला मुलगाच अशा मोहाला बळी पडतो. म्हणून अर्थसाह्याचा प्रश्न जाण्यापूर्वी सुटला पाहिजे.

समाजाने काय करावे?

उच्च शिक्षणाला साह्य करण्याची आपली परंपरा मोठी आहे. आचार्य विजयवल्लभसूरिजींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले. जमशेदजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी सुरू केलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंट कर्जरूपाने शिष्यवृत्ती देते. एकाने फेडलेली रक्कम पुढच्याच्या कामी येते.

त्याच धर्तीवर, लहान प्रमाणावर, गावोगावच्या संघांना एक काम करता येईल. असिस्टंटशिप मिळालेल्या विद्यार्थ्याचाही पहिला पगार वर्ग सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी येतो. तत्पूर्वी व्हिसा व सेव्हिस शुल्क, विमानभाडे, खोलीची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे आणि माफ न होणारी शुल्के भरावी लागतात. ही रक्कम संपूर्ण शिक्षणाच्या तुलनेत लहान असते. परंतु तेवढ्यासाठी चांगला प्रस्ताव सोडण्याची वेळ एखाद्या घरावर येऊ शकते. संघाने असा बिनव्याजी 'प्रथम सत्र निधी' उभारावा, पत्रातील शुल्कमाफी व वेतन पाहून तो द्यावा आणि दीड-दोन वर्षांत परत घ्यावा. ज्याचे मंजुरीपत्र पक्के आहे त्याच्याकडून वसुलीची जोखीम कमी असते, हे मी बँकेतील अनुभवावरून सांगू शकतो. दुसरे काम माहितीचे. काही खासगी सल्लागारांना प्रवेशामागे विद्यापीठांकडून कमिशन मिळते. असिस्टंटशिपची वाट दाखविण्यात त्यांचा लाभ नसतो. आपल्यातील जी मुले तेथे साहाय्यक म्हणून काम करीत आहेत, त्यांनी दिवाळीच्या सुमारास, अर्ज भरण्यापूर्वी, एक तास ऑनलाइन मार्गदर्शन केले तरी पुष्कळ घरांचे लाखो रुपये वाचतील.

पुढील वर्षी ज्यांची मुले अर्ज करणार आहेत त्यांनी विद्यापीठांची यादी करतानाच प्रत्येक नावापुढे दोन रकाने आखावेत. एकात त्या विभागाने गेल्या वर्षी नव्या विद्यार्थ्यांना असिस्टंटशिप दिली काय, हे विचारून लिहावे. दुसऱ्यात अर्थसाह्यासाठी विचार होण्याची अंतिम तारीख लिहावी. ती पुष्कळदा प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या आधीची, डिसेंबर किंवा जानेवारीतील असते. हे दोन रकाने भरल्यानंतरच तारणाचे कागद कपाटातून बाहेर काढावेत.